होम थिएटरसाठी खोली निवडताना: टेप, टाळी आणि टॉर्च

बहुतेक घरांत होम थिएटर उलट्या क्रमाने येतं. आधी दिवाळीच्या सेलमध्ये मोठा टीव्ही येतो, पाठोपाठ स्पीकरांचे खोके येतात, आणि मग घरभर फिरून जागा शोधली जाते. खरं तर पडदा किती इंची, सबवूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) केवढा, प्रोजेक्टर घ्यायचा की नाही, या सगळ्याची उत्तरं खोलीच्या मापांत असतात. म्हणून आधी खोली ठरवायची, सामान नंतर.

दुसरी अडचण सल्ल्याची. इंटरनेटवरचा बराचसा सल्ला लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून बांधलेल्या अमेरिकी घरांना धरून दिलेला असतो. त्या हलक्या भिंतींमधून खर्जाचा, म्हणजे बेसचा, बराच भाग झिरपून जातो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तोच खर्ज आत कोंडून ठेवतात. त्यामुळे ‘सबवूफर मोठाच घ्या’, ‘भिंती साउंडप्रूफ करून घ्या’ या सूचना आपल्या फ्लॅटला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. खाली दिलेली तपासणी महाराष्ट्रातल्या नेहमीच्या टू-बीएचके, थ्री-बीएचके फ्लॅटसाठी आणि लहान बंगल्यांसाठी आहे.

लागणारं सामान थोडं आहे: पाच मीटरची टेप, वही, टॉर्च, हातात मावेल एवढा आरसा, दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा, चिकटपट्टी, एखादा ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाइल. मोबाइलमध्ये डेसिबल मोजणारं एक आणि ठरावीक हर्ट्झचा सूर वाजवणारं एक, अशी दोन फुकट ॲप्स घाला. मोबाइलचं डेसिबल-माप तंतोतंत नसतं, पण दोन खोल्यांची तुलना करायला पुरतं. प्रत्येक खोली दोनदा बघा: एकदा दुपारी तीनच्या सुमारास, एकदा रात्री दहानंतर.

पायरी १: मापं घ्या, बिल्डरच्या नकाशावर विसंबू नका

नकाशातलं माप आणि प्लास्टर, टाइल, स्कर्टिंग झाल्यावरचं माप यांत दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो. भिंत ते भिंत लांबी आणि रुंदी घ्या. उंची दोन ठिकाणी घ्या, स्लॅबखाली आणि बीमखाली. राहत्या खोलीची किमान उंची बांधकाम संहितेत २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट आहे. प्रत्यक्षात फ्लॅटमध्ये ती ९ ते १० फुटांच्या मध्ये कुठे तरी असते. पीओपीचं छत असेल तर त्यात सहा ते नऊ इंच जातात.

त्याच कागदावर दार, खिडक्या, दार कुठल्या बाजूला उघडतं, एसीचं युनिट, स्विचबोर्ड, पंख्याचा हूक, भिंतीतलं कपाट आणि बाहेर आलेले कॉलम काढून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका चित्रावरच चालतात.

पायरी २: आकार तपासा

इथे थोडं गणित आहे, पण भागाकारापुरतंच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाची लाट येते-जाते. एका ठरावीक कंपनसंख्येला परत येणारी लाट जाणाऱ्या लाटेवर चढते आणि तो सूर खोलीत घुमतो. ती कंपनसंख्या (सेकंदाला किती कंपनं, म्हणजे हर्ट्झ) काढायला ५६५ ला फुटांतल्या अंतराने भागायचं. १० फूट रुंदीला ५६.५ हर्ट्झ, १३ फूट लांबीला सुमारे ४३, साडेनऊ फूट उंचीला साधारण ५९. लांबी, रुंदी, उंची या तिघांचे तीन आकडे लिहा. ते एकमेकांपासून लांब असतील तर घुमणं विभागलं जातं. दोन आकडे एकत्र आले तर त्या सुराला जोर चढतो. तिन्ही एकत्र आले तर चित्रपटातला प्रत्येक स्फोट, ढोलाचा प्रत्येक ठोका एकाच ‘भूं’ आवाजात ऐकू येईल.

आपल्या फ्लॅटची खोड इथेच आहे. १० बाय १० ची बेडरूम आणि साडेनऊ फुटांची उंची म्हणजे ५६.५, ५६.५ आणि ५९. जवळजवळ घनच. अशा खोलीत दुकानात चांगला वाजलेला सबवूफर घरी आल्यावर डोकं उठवतो आणि दोष सबवूफरला मिळतो. म्हणून दोन बेडरूममध्ये निवड असेल तर १० बाय १० पेक्षा ११ बाय १३ ची खोली घ्या. तिचे आकडे ५१, ४३ आणि ५९ असे पसरलेले येतात. लांबी रुंदीच्या दुप्पट, म्हणजे १० बाय २०, हीसुद्धा फारशी बरी नाही, कारण लांबीची दुसरी लाट रुंदीच्या पहिल्या लाटेवर बसते.

चौरस खोलीशिवाय पर्यायच नसेल तर सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका. तो समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला की रुंदीची पहिली लाट तो फारशी उठवत नाही. मागच्या भिंतीला कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर राहू द्या, त्याचा उपयोगच होतो.

एल आकाराचा हॉल, उघडं स्वयंपाकघर आणि त्याला लागून डायनिंग असेल तर ही सगळी जागा मिळून एकच खोली धरायची. खर्जाला पडदा किंवा अर्धी भिंत दिसत नाही. १० बाय १६ चा हॉल मोठा वाटतो, पण त्यामागचं डायनिंग, स्वयंपाकघर आणि पॅसेज मिळून सबवूफरला त्याच्या दुप्पट हवा हलवावी लागते. उलट दार लावलेली ११ बाय १३ ची खोली म्हणजे सुमारे १,३५० घनफूट. तिथे १० इंची सबवूफर पुरतो, आणि काँक्रीटच्या भिंती त्याला मदत करतात.

पायरी ३: बैठक आणि पडदा कागदावर बसवून बघा

पडद्याचं अंतर इंचांत मोजलेल्या कर्णावरून काढतात. कर्णाच्या १.२ पट हे जवळचं टोक, १.६ पट हे लांबचं. ५५ इंची टीव्हीला साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ इंचीला साडेसहा ते पावणेनऊ, १०० इंची पडद्याला १० ते सव्वातेरा फूट. हॉलमध्ये बहुतेक ठिकाणी सोफा टीव्हीपासून ११-१२ फुटांवर असतो. त्या अंतरावर ५५ इंची टीव्ही बघताना थिएटरचा अनुभव येत नाही, तो टीव्हीच राहतो.

आता सोफा. मागच्या भिंतीला टेकलेला सोफा ही आपल्याकडची सवय आहे आणि ध्वनीच्या दृष्टीने ती सगळ्यांत वाईट जागा आहे. भिंतीलगत खर्ज फुगतो आणि मागचा आवाज डोक्याच्या मागे जायला जागाच उरत नाही. खोलीचा बरोबर मध्यही टाळा. लांबीची पहिली लाट तिथे शून्य होते आणि खर्ज गायब झाल्यासारखा वाटतो. सुरुवात म्हणून मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं येईल असं बघा. १३ फूट खोलीत हे मागून ५ फूट, पुढून ८ फूट येतं. ८ फुटांवर ६५ इंची टीव्ही बरोबर बसतो. एवढं मागे सरकणं जमत नसेल तर निदान दीड-दोन फूट तरी सोडा.

समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरांमधलं अंतर बैठकीपासूनच्या अंतराच्या जवळपास जावं. डोक्यापासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांचा कोन चालतो. ८ फुटांवर बसलात तर स्पीकरांमध्ये साडेसहा ते सव्वानऊ फूट. ११ फूट रुंदीत स्पीकर ८ फुटांवर ठेवले तर दोन्ही बाजूंना भिंतीपासून दीड फूट उरतो. ९ फूट रुंदीच्या खोलीत ते भिंतीला चिकटतात आणि आवाज कडक होतो. म्हणजे पाच स्पीकरांसाठी (समोर तीन, बाजूंना दोन) रुंदी निदान १० फूट हवी.

बाजूचे सराउंड स्पीकर कानाच्या रेषेच्या किंचित मागे, समोरून मोजलं तर ११० अंशांच्या आसपास लागतात आणि बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दोन फूट उंच. बसल्यावर कान जमिनीपासून साडेतीन-पावणेचार फुटांवर येतो. चित्रावर या दोन जागा खुणा करून ठेवा. तिथे दार, खिडकी किंवा कपाटाची शटर येत असतील तर खोली नापास करण्याआधी बैठक फूटभर पुढे-मागे सरकवून बघा.

दुसरी रांग? रिक्लायनर पूर्ण उघडला की साडेपाच फूट खातो. मागची रांग आठ ते बारा इंच उंच ओट्यावर न्यावी लागते आणि मग मागच्यांची डोकी छताच्या जवळ जातात. अठरा फुटांपेक्षा कमी लांबीच्या खोलीत दुसऱ्या रांगेचा नाद सोडा.

पायरी ४: दार, खिडकी, पंखा

दार पडद्याच्या भिंतीत असेल तर ती खोली डोक्यातून काढून टाका. एक तर स्पीकर दाराच्या वाटेत येतो, दुसरं म्हणजे कोणी आत-बाहेर केलं की पॅसेजचा उजेड थेट डोळ्यांवर. दार मागच्या भिंतीत किंवा बाजूच्या भिंतीच्या मागच्या टोकाला असावं. समोरच्या डाव्या-उजव्या बाजू जवळजवळ सारख्या असाव्यात. एकीकडे काचेची बाल्कनी आणि दुसरीकडे भिंत असेल तर एका बाजूचा आवाज परत येतो आणि दुसऱ्या बाजूचा निघून जातो. मग संवाद मध्यातून ऐकू येण्याऐवजी एका बाजूला झुकतात.

पंख्याकडे परदेशी मार्गदर्शक क्वचितच लक्ष देतात. आपल्या खोलीत पंख्याचा हूक बरोबर छताच्या मध्यावर. प्रोजेक्टर मागे टांगला तर त्याचा झोत पंख्याच्या पात्यांतून जाऊ शकतो आणि पडद्यावर चित्र लपलपतं. खाली सोडायची दांडी किती आहे ते मोजा. झोताची वरची कड प्रोजेक्टरच्या भिंगापासून पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत दोरी ताणून बघता येते. दोरी पात्याला लागली तर पंखा हलवावा लागेल. छतावर आवाज आपटवून वरून आणणारे ॲटमॉसचे स्पीकर घ्यायचे असतील तरीही पंखा आणि पीओपीचे कंगोरे मध्ये येतात. त्यांना सपाट, टणक छत लागतं आणि उंची साडेसात ते बारा फुटांच्या मध्ये. नक्षीदार छताच्या खोलीत हे स्पीकर घेऊ नका. त्याऐवजी छतात बसणारे स्पीकर घ्या किंवा वरच्या आवाजाचा हट्ट सोडा.

उजेडाची परीक्षा सोपी आहे. दुपारी तीनला पडदे ओढा, दिवे बंद करा, दोन मिनिटं डोळे सरावू द्या आणि वर्तमानपत्र उघडा. बातमीचा बारीक मजकूर वाचता आला तर त्या खोलीत दिवसा प्रोजेक्टर चालणार नाही. याचं कारण ल्युमेनच्या (प्रोजेक्टर किती उजेड फेकतो त्या मापाच्या) हिशोबात आहे. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणतीस चौरस फूट. सिनेमागृहाच्या पडद्याच्या तेजाचा मान १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे दर चौरस फुटाला १४ ल्युमेन, आहे. म्हणजे पूर्ण अंधारात पडद्यावर जेमतेम सव्वाचारशे ल्युमेन पोहोचले तरी पुरतात. प्रोजेक्टर काळा रंग दाखवूच शकत नाही. पडदा उजेडात जेवढा पांढुरका दिसतो, तेवढाच त्याचा ‘काळा’. तिथे तीन हजार ल्युमेनही कमी पडतात. उन्हाच्या पश्चिमेच्या खिडकीवर साधा पडदा लावून भागत नाही. ब्लॅकआउट कापड चौकटीच्या दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच पुढे जायला हवं आणि वरची फट पेल्मेटने झाकायला हवी. एवढं करायचं नसेल तर टीव्हीच घ्या. फ्लॅटच्या बेडरूमसाठी आमचा कल टीव्हीकडेच आहे.

प्रोजेक्टरच घ्यायचा असेल तर थ्रो रेशो, म्हणजे तो पडद्याच्या रुंदीच्या किती पट मागे ठेवावा लागतो, ते तपासा. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. १.५ थ्रोचा प्रोजेक्टर जवळजवळ ११ फूट मागे जातो आणि त्याच्या मागे पुन्हा फूटभर जागा वायर आणि गरम हवेसाठी. १३ फूट खोलीत हे जेमतेम बसतं. १.२ थ्रोचा असेल तर पावणेनऊ फुटांवर भागतं.

पायरी ५: टाळी वाजवा

खोलीच्या मध्यावर उभं राहून एक कडक टाळी वाजवा. ‘टक’ असा एकच आवाज आला तर उत्तम. ‘टर्र्’ अशी झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज टोलवला जातोय. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि रंगवलेल्या भिंती यांच्या रिकाम्या खोलीत हे हमखास होतं. म्हणून रिकाम्या खोलीला लगेच नापास करू नका. घरातल्या चार जाड गोधड्या आणि एक गादी घेऊन या, गादी एका भिंतीला उभी टेकवा, गोधड्या जमिनीवर आणि दुसऱ्या भिंतीवर. पुन्हा टाळी. झणझण गेली तर खोली सुधारणारी आहे.

कुठे काय लावायचं हे आरसा सांगतो. एकाने बैठकीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने आरसा बाजूच्या भिंतीवर कानाच्या उंचीला सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात जिथे समोरचा स्पीकर दिसेल तिथे आवाज पहिल्यांदा आपटतो. तिथे दोन फूट बाय चार फूट, दोन इंच जाड रॉकवूलचं (दगडी लोकरीचं), कापड चढवलेलं पॅनल लावा. घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल बाजारात सहज मिळतं. समोरच्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा. खोलीभर पॅनलं लावू नका. नुसते वरचे सूर शोषले जातात, खर्ज तसाच घुमतो आणि आवाज मेलेला वाटतो.

अंड्यांचे ट्रे आणि काळा खाचांचा फोम याबद्दल एकच वाक्य: ते शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अजिबात अडवत नाहीत.

पायरी ६: शेजारी, बाथरूम आणि लिफ्ट

आवाज अडवतं वजन. नऊ इंची विटांची भिंत साडेचार इंचीच्या दुप्पट जड, त्यामुळे ती पाच-सहा डेसिबल जास्त अडवते. एएसी ब्लॉकची (सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत हलकी असल्याने तेवढ्याच जाडीत कमी पडते. भिंतीवर मूठ मारून आणि दाराच्या चौकटीची खोली मोजून भिंत कसली आहे याचा अंदाज येतो. पण भिंतीआधी दार बघा. सात फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ०.६ टक्के. एवढी फट असताना दार कितीही जाड करा, ते साधारण २२ डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. रात्री खोलीत दिवा लावून बाहेरून दाराच्या कडा बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. भरीव फ्लश डोअर, तिन्ही बाजूंना रबरी पट्टी आणि खाली दार लावल्यावर खाली उतरणारी सील एवढं केलं की कमी खर्चात सगळ्यांत मोठा फरक पडतो.

मग खिडकी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे ट्रॅक आणि पाणी जायची भोकं आवाजाला मोकळीच असतात. रबर गास्केट असलेली, दारासारखी उघडणारी खिडकी बरी. ती बदलता येत नसेल तर आतून दुसरं काचेचं तावदान, मध्ये चार इंचांची पोकळी ठेवून.

नियमाचं भान असू द्या. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण खरी तक्रार हवेतल्या आवाजाची नसते, स्लॅबमधून जाणाऱ्या धक्क्याची असते. खालच्या मजल्यावरच्या बेडरूमवर सबवूफर ठेवला तर भिंतींवर कितीही खर्च करून उपयोग नाही. ज्या खोलीच्या खाली पार्किंग, दुकान किंवा खालच्यांचं स्वयंपाकघर आहे ती निवडा. सबवूफरखाली इंचभर दाट रबर किंवा स्प्रिंगचे पाय लावा. खडबडीत धक्का कमी होतो, पूर्ण जात नाही. बंगल्यात तळमजल्याची खोली सरळसरळ सरस.

आत येणारा आवाजही मोजा. रात्री दहानंतर दार-खिडकी लावून, पंखा आणि एसी बंद ठेवून मोबाइलवर आकडा बघा. ३० ते ३५ आला तर छान. ४५ च्या वर असेल तर चित्रपटातली कुजबुज ऐकण्यासाठी तुम्ही आवाज वाढवणार आणि मग शेजारी दार वाजवणार. नंतर पंखा तीनवर आणि मग एसी लावून पुन्हा मोजा, म्हणजे घरातला गोंगाट किती ते कळतं. लिफ्टची भिंत, सोसायटीचा पाण्याचा पंप, बाथरूमचा डक्ट यांना लागलेली खोली टाळा. फ्लशचं पाणी डक्टमधून उतरतं तो आवाज दिवसा जाणवत नाही, रात्री नेमक्या शांत प्रसंगात येतो.

पायरी ७: ओल, ऊन, हवा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे ही पायरी आधी करा, बाकीच्या नंतर. पावसाळ्यात नैऋत्येचा मारा पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींवर येतो. स्पीकरचे कोन, लेन्स, ॲम्प्लिफायरचे संपर्क-बिंदू यांना बुरशी आणि गंज लागतो, आणि ओल्या भिंतीवर लावलेलं रॉकवूल पाणी धरून ठेवतं. भिंतीवर तळापासून फूटभर उंचीला प्लास्टिकचा दीड फूट तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर भिंत ओलावा सोडते आहे. टॉर्च भिंतीला तिरकी लावली की पोपडे आणि फुगलेला रंगही दिसतो. ही परीक्षा शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये करा. मार्चमध्ये प्रत्येक भिंत कोरडीच असते. तळघराच्या खोलीला वॉटरप्रूफिंगनंतर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मगच वायरिंग.

वरच्या मजल्याची, उघड्या गच्चीखालची खोली मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्यात तापते. बंद खोलीत चार माणसं, रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर) आणि प्रोजेक्टर असले की उष्णता वाढत जाते. सव्वाशे चौरस फुटांना एक टनाचा एसी हा ढोबळ हिशोब धरा, गच्चीखाली असेल तर दीड टन. एसीचं युनिट डोक्यावर नको आणि पडद्यावरही नको. बंद खोलीत ताजी हवाही लागते. बाथरूमला लागलेली खोली असेल तर तिथला एक्झॉस्ट मध्यंतरात चालू करता येतो.

पायरी ८: वीज आणि वायरी

टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफर मिळून क्वचितच दीड किलोवॉटच्या वर जातात, म्हणून एक १६ ॲम्पियरचा स्वतंत्र पॉइंट पुरतो. फ्रिज, मिक्सर, मोटार यांच्याशी तो सामायिक नको, एसीचा पॉइंटही वेगळा. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आला तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. सबवूफरमधून सतत ‘हूं’ येत असेल तर केबल टीव्हीची वायर काढून बघा. ती काढताच आवाज थांबला तर दोष तिच्यातल्या अर्थिंगचा आहे, सबवूफरचा नव्हे.

एचडीएमआयची साधी केबल ५ मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे ४के साठी ऑप्टिकल केबल घ्या. तिची दिशा ठरलेली असते, उलटी ओढली तर भिंत पुन्हा फोडावी लागते. तिचं टोक जाड असल्याने कन्ड्यूट (वायरी नेणारी नळी) दीड इंची घ्या, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा आणि आत ओढण्यासाठी एक तार मोकळी सोडा. स्पीकरला १६ गेजची तांब्याची वायर पुरते, अंतर ४० फुटांपर्यंत असेल तर. वीज आणि स्पीकरच्या वायरी फूटभर अंतराने न्या.

वास्तूचा सल्ला घरात ऐकला जात असेल तर तो या पायरीच्या आधीच ऐका. पडद्याची भिंत नंतर फिरवली की सगळे कन्ड्यूट फिरवावे लागतात.

तीन खोल्यांचा हिशोब

समजा फ्लॅट असा आहे: हॉल १० बाय १६, डायनिंगला उघडा, एका बाजूला बाल्कनी. मास्टर बेडरूम ११ बाय १३, मागच्या बाजूने दार, एका बाजूला खिडकी, भिंतीत कपाट. लहान बेडरूम १० बाय १०, दार नेमकं टीव्ही लागेल त्या भिंतीत.

हॉलची लांबी मोहवते, पण बाल्कनीचा काचेचा दरवाजा एका बाजूला, खर्ज स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या इकडे आणि दिवसभर उजेड. तिथे साउंडबार आणि ५५ किंवा ६५ इंची टीव्ही, त्यापुढे जाऊ नये. लहान बेडरूम आकाराने घन आणि दारानेही बाद. मास्टर बेडरूमचे आकडे पसरलेले, बैठक ८ फुटांवर, ६५ इंची पडदा, स्पीकर ८ फुटांच्या अंतराने, मागे ५ फूट मोकळे आणि तिथे कपड्यांचं कपाट. अडचण एकच: झोपायचं कुठे? इथे माप नव्हे, घरातली माणसं निर्णय घेतात. पलंग मागच्या ५ फुटांत मावत नाही. सोफा-कम-बेड घेतला तर बैठक आणि झोप दोन्ही एकाच जागी होतात. मास्टर सोडायची तयारी नसेल तर १० बाय १० च्या खोलीत दार शेजारच्या भिंतीत हलवता येतं का ते बघा. भिंत विटांची असेल तरच. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही.

ठरवण्याआधी शेवटची चाचणी

ओळखीच्या कुणाचा सबवूफर एका रविवारी आणा. तो सोफ्यावर, डोक्याच्या जागी ठेवा. ॲपमधून ३० ते ८० हर्ट्झचे सूर सावकाश वाजवा आणि तुम्ही समोरच्या भिंतीलगत गुडघ्यांवर रांगत फिरा, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर. जिथे सगळे सूर साधारण सारख्या जोराने ऐकू येतात तिथे सबवूफर ठेवायचा. उलट दिशेने ही गोष्ट चालते, कारण ऐकणारा आणि वाजवणारा यांनी जागा बदलली तरी खोलीचं वागणं तेच राहतं. अशी एकही जागा सापडली नाही, प्रत्येक ठिकाणी एखादा सूर कानावर आदळतो किंवा पार नाहीसा होतो, तर बैठक फूटभर पुढे घेऊन पुन्हा रांगा. तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर कागदावर दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या खोलीत हीच रांगत फेरी मारा. घरात त्या वेळी पाहुणे नसलेले बरे.